बेळगावातील घर आणि त्याच्या कागदांमागचा इतिहास

बेळगावात घर घेऊ पाहणारा माणूस, विशेषतः तो चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरकडून आलेला असेल तर, आधी सीमाप्रश्नाबद्दल विचारतो. उद्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तर आपल्या खरेदीपत्राचे काय होईल, ही त्याची शंका स्वाभाविक आहे. पण घराच्या मालकीच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची शंका नव्हे. ज्या जागेवर घर उभे आहे ती शंभर वर्षांपूर्वी कोणाच्या अमलाखाली होती, ती छावणीची होती की संस्थानची, कुळाची होती की इनामाची, यावर त्या घराचे कागद किती स्वच्छ असतील हे आजही बऱ्याच अंशी ठरते. दोन राज्यांमधली सीमा १९५६ साली शहराच्या पश्चिमेला आखली गेली. शहराच्या पोटात मात्र तिच्याहून जुन्या अनेक सीमा आहेत, आणि घर घेणाऱ्याचा खरा संबंध त्यांच्याशी येतो.

बेळगावचा किल्ला रट्ट घराण्याच्या काळात, तेराव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला. त्यानंतर अनेक राजवटींच्या हातून फिरत तो पेशवाईच्या अखेरीस, १८१८ साली, इंग्रज सेनापती मन्रो यांच्या फौजेने जिंकला. आजच्या शहराची मूळ मांडणी तेव्हापासूनची आहे: पूर्वेला किल्ला, मध्ये पेठ आणि पेठेच्या पश्चिमेला इंग्रजांची छावणी, म्हणजे आजचा कँप. १८३६ साली धारवाडपासून वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग वकील, कारकून, व्यापारी आले. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, कडोलकर गल्ली, कोनवाळ गल्ली या गल्ल्यांतील जुनी घरे पाहिली की त्या वस्तीचा स्वभाव लक्षात येतो. दर्शनी बाजू अरुंद, पण आत घर लांबवर गेलेले. रस्त्याला लागून सोपा (ओसरी) किंवा दुकान, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी परड्यात विहीर. शेजारच्या दोन्ही घरांशी भिंती सामाईक. अशा घराची वाटणी भावांमध्ये झाली की ती लांबीने होते. सोपा एकाचा, मागचे घर दुसऱ्याचे, येण्याजाण्याचा बोळ आणि विहीर दोघांची. तीन पिढ्यांनंतर अशा घराचा सिटी सर्व्हेचा उतारा काढला तर त्यावर डझनभर नावे निघणे ही नवलाची गोष्ट राहत नाही. त्यातली निम्मी माणसे पुण्या-मुंबईला असतात, आणि प्रत्येकाचे हक्कसोडपत्र मिळवल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही.

कँपची गोष्ट निराळी आहे. तेथे मोठी आवारे, कौलारू बंगले, उंच झाडे आहेत आणि त्यामुळे घर पाहणाऱ्याचे मन तेथे लगेच रमते. पण छावणीतील बहुतेक बंगल्यांची जमीन सरकारची असते आणि धारकाकडे इमारत व वहिवाट एवढेच असते. वाढीव बांधकाम, वापरातील बदल, हस्तांतर या सर्व गोष्टी छावणी कायद्याखाली येतात. तो कायदा आधी १९२४ चा होता, आता २००६ चा आहे. छावण्यांतील नागरी वस्ती लगतच्या पालिकांकडे सोपवण्याचे धोरण केंद्राने अलीकडे हाती घेतले आहे, मात्र त्यामुळे जमिनीची मालकी आपोआप धारकाकडे येत नाही.

शहराच्या दक्षिणेला शहापूर लागते. आज बेळगावातून शहापुरात केव्हा शिरलो हे कळतही नाही, पण १९४८ पर्यंत ते वेगळ्या राज्यात होते. शहापूर हे सांगलीच्या पटवर्धन संस्थानचे गाव, आणि बेळगाव इंग्रजी मुलूख. दोन बाजारपेठा शेजारी शेजारी, पण महसूल निराळा, न्यायालये निराळी, दप्तर निराळे. संस्थानाच्या आश्रयाने शहापुरात सराफी आणि कापडाचा व्यापार वाढला, आणि त्याला लागून वडगाव, खासबाग या भागांत विणकरांची दाट वस्ती झाली. संस्थाने विलीन झाल्यावर हा भाग मुंबई राज्यात आणि पुढे बेळगावच्या नगरपालिकेत आला. तरीही जुन्या मिळकतींचा मूळ दाखला शोधताना संस्थानी काळातील मोडी कागदांपर्यंत जावे लागते. मोडी वाचणारी माणसे आता थोडी उरली आहेत. मोडी कागदात चतुःसीमा लिहिलेली असते ती शेजाऱ्यांच्या नावांनी आणि खुणांनी: पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सरकारी बोळ, दक्षिणेस चिंचेचे झाड. झाड गेले, शेजारी गेले, आणि बोळावर कोणीतरी जिना काढला. अशा वेळी त्या चार ओळींचा अर्थ लावण्यासाठी मोजणी खात्याचा नकाशा आणि वस्तीतील जाणत्या माणसांची साक्ष, दोन्ही लागतात.

विणकरांच्या घराबद्दल येथे थांबून सांगितले पाहिजे, कारण बाहेरून आलेल्या खरेदीदाराला ते घर लहान आणि गैरसोयीचे वाटते. वडगावातील जुन्या घरात पुढची सर्वांत मोठी खोली मागाची असते. राहणे मागच्या अंगाला. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले तेव्हा त्याच खोलीची जमीन पक्की झाली, विजेचे मीटर वेगळे झाले, भिंतींना हादरे बसू लागले. घर आणि कारखाना एकाच छपराखाली असल्यामुळे धंदा बसला की घरही विकायला निघते. कापड व्यवसायातील प्रत्येक मंदीची खूण या भागातील खरेदीपत्रांत सापडेल, असे मला वाटते. स्वस्तात मिळाले म्हणून असे घर घेणाऱ्याने निदान त्यावर सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज शिल्लक आहे का, हे ईसी, म्हणजे मिळकतीवरील बोजाचा दाखला, काढून नीट तपासावे. विकणाऱ्या कुटुंबाची अडचण आपल्या सोयीचे साधन करू नये, असेही मनापासून वाटते.

रेल्वे १८८७ साली आली आणि लोहमार्गाच्या कडेने शहर दक्षिणेकडे सरकू लागले. पहिले, दुसरे, तिसरे रेल्वे गेट ही पत्ता सांगण्याची पद्धत तेव्हाच्या वाढीतून आलेली आहे. टिळकवाडी ही आखून वसवलेली वस्ती. सरळ रस्ते, घराभोवती मोकळी जागा, वारांची नावे असलेल्या पेठा. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले. तेव्हा पाण्यासाठी खोदलेली विहीर आजही आहे आणि लोहमार्गालगतचा रस्ता काँग्रेस रोड म्हणून ओळखला जातो. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांचे स्वतंत्र घराचे स्वप्न पुढे टिळकवाडी आणि हिंदवाडीभोवतीच राहिले. आता तेथील बंगले पाडून सदनिका होत आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. जिल्ह्यातील चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. त्या वर्षी जानेवारीत झालेल्या गोळीबारात बळी पडलेल्यांची आठवण हुतात्मा चौक आजही जागवतो. पुढे सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव शहरावरील महाराष्ट्राची मागणी नाकारली, महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो प्रलंबित आहे. हा राजकीय इतिहास मराठी वाचकाला पाठ असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जमिनीच्या कायद्यात काय घडले, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

लगेच काहीच बदलले नाही, हे त्याचे उत्तर आहे. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ नुसार, नवे विधिमंडळ बदल करीपर्यंत जुन्या प्रदेशाचे कायदे त्या त्या भागात तसेच चालू राहिले. त्यामुळे म्हैसूर राज्यात असूनही बेळगावात मुंबई जमीन महसूल कायदा, मुंबईचा कूळकायदा आणि मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा लागू होता. ते एकेक करून बदलत गेले: नवा जमीन महसूल कायदा १९६४ साली आला, जमीन सुधारणा कायदा १९६५ साली अमलात आला. राज्य बदलल्यामुळे मालकीचे हक्क कोणाचे बुडाले नाहीत. १९५५ चे खरेदीपत्र १९५७ सालीही खरेदीपत्रच राहिले. निकालाच्या भीतीने घर घेणे लांबवणाऱ्यांसाठी यापेक्षा स्पष्ट दाखला दुसरा नाही. राज्य बदलले तरी घर कोणाचे हे बदलत नाही. बदलतात त्या कचेऱ्या, शुल्क, नियम आणि दप्तराची भाषा.

दप्तराची भाषा ही येथे फार जिव्हाळ्याची बाब आहे. बेळगाव तालुक्यातील जुने उतारे आणि दस्त मराठीत होते, त्यानंतरचे हळूहळू कन्नडमध्ये गेले. सातबाराच्या जागी पहाणी आली, आणि २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. आजोबांचा दस्त मराठी, वडिलांच्या नावाची नोंद इंग्रजी वळणाची आणि स्वतःचे खाते, म्हणजे पालिकेच्या दप्तरातील मिळकतीची नोंद, कन्नडमध्ये, अशी स्थिती अनेक घरांत आहे. आडनावाच्या लेखनातील एखाद्या अक्षराच्या फरकामुळे वारसाची नोंद महिनोन्‌महिने अडकते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांची संख्या पंधरा टक्क्यांच्या वर आहे तेथे महत्त्वाचे सरकारी कागद त्यांच्या भाषेतही मिळावेत, हे तत्त्व देशपातळीवर मान्य झालेले आहे. आयुष्याची पुंजी ज्या कागदावर लावायची तो कागद वाचता येणे हा घर घेणाऱ्याचा किमान हक्क आहे, मग तो मराठी असो वा कन्नड. सहीपूर्वी दस्ताचे भाषांतर करून घेण्याचा खर्च कोणीही वाचवू नये.

शहराचा आजचा चेहरा ज्या घटनेने सर्वांत जास्त घडवला ती मात्र सीमेची नव्हे, कुळांची आहे. १ मार्च १९७४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कर्नाटकात कुळवहिवाट संपली आणि कसणाऱ्याला न्यायाधिकरणामार्फत जमीन मिळाली. अनगोळ, वडगाव, शहापूर, कणबर्गी, जुने बेळगाव येथील शेकडो कुटुंबे या कायद्याने मालक झाली, आणि ती मोठी न्यायाची गोष्ट होती. पण अशी जमीन पंधरा वर्षे विकता येत नव्हती, आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास बंदी होती. त्याच काळात उद्यमबागेतील कारखाने वाढत होते, खेड्यांतून कामगार येत होते, सैन्यातून निवृत्त झालेले जवान मुलांच्या शिक्षणासाठी शहरात राहू पाहत होते. मागणी होती, जमीन होती, कायदेशीर वाट मात्र अरुंद होती. त्यातून गुंठेवारी सुरू झाली. शेताचे दीड-दोन गुंठ्यांचे तुकडे पडले, स्टँप पेपरवर करार झाले, ज्याला सगळे गाव ‘बाँडवरचा प्लॉट’ म्हणते. पैसे दिले गेले, घरे बांधली गेली, वीज आणि पाणीही आले. पहाणीवर नाव मात्र मूळ शेतकऱ्याचेच राहिले.

अशा घरात राहणाऱ्या माणसाला कोणी हुसकावत नाही, पण त्याला बँक कर्ज देत नाही, त्याला घर रीतसर विकता येत नाही, आणि मूळ मालकाच्या वारसांनी हरकत घेतली तर कोर्टात जावे लागते. कष्टकऱ्यांनी पै पै जमवून बांधलेली ही घरे आहेत, आणि दोष त्यांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी ‘अक्रम-सक्रम’ योजना आली. २००७ च्या कायद्याचे नियम २०१४ साली झाले आणि २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. २०२५ साली राज्यभर अशा मिळकतींना बी खाते, म्हणजे पालिकेच्या दप्तरातील वेगळी नोंद, देण्याची मोहीम निघाली. बी खात्यामुळे मिळकत कराच्या दप्तरात येते. आराखडा मंजूर झाला असा त्याचा अर्थ होत नाही.

आखीव वसाहतींचे काम १९८७ च्या कायद्याखालील नगरविकास प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘बुडा’कडे आले. महांतेशनगर, रामतीर्थनगर या उत्तरेकडील वसाहतींत कागद सरळ असतात आणि म्हणून दर चढे असतात. १९९८ साली विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आले, वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालये वाढली, भाड्याच्या खोल्यांचा व्यवसाय फोफावला. २०१२ साली हलगा-बस्तवाड येथे सुवर्ण विधानसौध उभे राहिल्यावर महामार्गालगतच्या जमिनीला एकाएकी भाव आला.

या वाढीची किंमत शिवाराने मोजली आहे. शहापूर, वडगाव, अनगोळचे शिवार म्हणजे बेळगावच्या सुवासिक बासमतीचे शिवार. हलगा-मच्छे बायपासला तेथील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे केलेला विरोध त्या मातीसाठी होता. भाताच्या खाचरांत पाणी साठते म्हणून तेथे भात पिकतो, आणि बळ्ळारी नाल्याचा फुगवटा याच पट्ट्यात येतो. २०१९ च्या पावसाळ्यात शहराच्या सखल वस्त्यांत घरांत पाणी शिरले. भर घालून केलेला प्लॉट उन्हाळ्यात कोरडा आणि मोहक दिसतो. तो पावसात, आषाढ-श्रावणाच्या झडीत पाहावा, आणि शेजारच्या शेतकऱ्याला तेथे पूर्वी काय पिकत होते एवढे विचारावे.

२०२० साली जमीन सुधारणा कायद्यातील शेतकरी असण्याची अट निघाली, त्यामुळे आता सीमेपलीकडचा बिगरशेतकरीही येथे शेतजमीन घेऊ शकतो. पण शेतजमीन घेता येणे आणि तिच्यावर घर बांधता येणे यांत फरक आहे: बिनशेती वापराचे आणि मंजूर आराखड्याचे नियम पाळावेच लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेली जमीन १९७८ च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय घेता येत नाही आणि असा व्यवहार रद्द होऊ शकतो. महाराष्ट्रातील खरेदीदाराने आणखी एक लक्षात घ्यावे: बांधकाम प्रकल्पांचे नियमन करणारा रेरा कायदा केंद्राचा असला तरी प्राधिकरण राज्याचे असते, त्यामुळे बेळगावातील प्रकल्पाची नोंदणी कर्नाटक रेराच्या यादीत शोधावी लागते, महारेराच्या नव्हे, मुद्रांक आणि नोंदणी शुल्कही कर्नाटकाच्या दरानेच भरावे लागते, आणि नोंदणीपूर्वी विकणाऱ्याकडे ई-खाते, म्हणजे खात्याची संगणकीकृत नोंद, आहे याची खात्री करावी लागते.