गाईची ६० गुणसूत्रे, गव्याची ५८

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. सत्तरी-सांग्याच्या रानात फिरणारा हा धिप्पाड जीव गोठ्यातल्या गाईचा जवळचा नातलग आहे; दोघांची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, एकच: बॉस. तरीही पेशीतली गुणसूत्रे मोजली तर गाईत ६० भरतात आणि गव्यात ५८. दुधासाठी पाळतो त्या म्हशीत ५०, मेंढीत ५४ आणि शेळीत पुन्हा ६०. नुसत्या आकड्यावर विसंबलो तर शेळी गाईची बहीण ठरेल आणि गवा परका. नात्यागोत्याचा शोध घेताना आकडा असा फसवतो. पाहायच्या असतात त्या भुजा, म्हणजे गुणसूत्रबिंदू नावाच्या सांध्याच्या दोन बाजूंना पसरलेले गुणसूत्राचे भाग.

गाईची लिंगगुणसूत्रे बाजूला ठेवली की उरतात २९ जोड्या. या गुणसूत्रांचा गुणसूत्रबिंदू अगदी टोकाशी असतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकाला एकच भुजा दिसते. गव्यात अशा २८ जोड्या आहेत, पण त्यांतली एक जोडी दोन भुजांची. एक भुजा गाईच्या २ क्रमांकाच्या गुणसूत्राशी जुळते, दुसरी २८ क्रमांकाच्या. म्हणजे दोन गुणसूत्रे बिंदूपाशी सांधली जाऊन एक झाली. म्हशीच्या २४ जोड्यांपैकी पाच दोन भुजांच्या, मेंढीच्या २६ पैकी तीन. आता प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र धरून भुजांची बेरीज करून पाहा: गाय, गवा, म्हैस, शेळी, मेंढी, सगळीकडे भुजा २९ च. दोन कुळागरांमधला गडगा पाडला तर कुळागर एक होते, माड-पोफळी मात्र तेवढ्याच राहतात; तसेच हे. अशा जोडणीला रॉबर्टसनी जोडणी म्हणतात. रॉबर्टसन या अमेरिकी संशोधकाने १९१६ मध्ये नाकतोड्यांच्या अभ्यासातून ती मांडली.

गव्याची अमुक भुजा गाईच्या तमुक गुणसूत्राचीच, हे कळते कसे? रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवायच्या, विभाजन ऐन मध्यावर कोल्चिसिन या रसायनाने थांबवायचे, पेशी काचपट्टीवर पसरून रंगवायच्या. गुणसूत्रांवर गडद-फिक्या पट्ट्या उमटतात आणि पट्ट्यांचा क्रम जुळवता येतो. १९९० च्या दशकापासून याहून नेमकी युक्ती हाती आली. एका प्राण्याच्या एकाच गुणसूत्राचा डीएनए चमकत्या रंगात बुडवून दुसऱ्या प्राण्याच्या गुणसूत्रांवर सोडतात. जिथे मजकूर जुळतो तिथेच तो चिकटतो आणि चमकतो. आज तर संपूर्ण जनुकसंच वाचून जनुकांचा क्रमच शेजारी शेजारी ठेवता येतो.

माणसाची गोष्टही अशीच. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांची गुणसूत्रे ४८, आपली ४६. आपले दुसरे गुणसूत्र दोन जुन्या गुणसूत्रांच्या सांध्यातून तयार झाले आहे. टेलोमियर हा गुणसूत्राच्या टोकाला शोभणारा भाग. १९९१ मध्ये त्याच्या खुणा आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या ऐन पोटात, समोरासमोर भिडलेल्या सापडल्या. उत्क्रांतीचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

पण जोडणीची कमाल पाहायची तर भेकराकडे वळावे. मोले, खोतीगावच्या रानात कुत्र्यासारखे भुंकणारे हे लहानसे हरीण. भारतीय भेकराच्या मादीत फक्त ६ गुणसूत्रे आणि नरात ७, हे १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. सस्तन प्राण्यांत इतकी कमी संख्या विरळाच. नरात एक जास्त, कारण एक्स गुणसूत्र तिसऱ्या गुणसूत्राला जोडले गेले आहे. मादीत अशा जोडलेल्या दोन प्रती असतात. नरात एक जोडलेली, एक सुटे तिसरे आणि एक वाय. याचेच चीनमधले भावंड रीव्ह्जचे भेकर, त्याची गुणसूत्रे ४६! दोघांच्या वाटा फुटून जेमतेम पन्नास लाख वर्षे झाली असावीत, आणि तेवढ्या काळात आपल्या भेकराच्या वंशात वीसहून जास्त जोडण्या झाल्या. जनुके मात्र जवळपास तीच.

गुणसूत्रे जोडली गेल्याने प्राणी बहुधा धडधाकटच राहतो. अडचण येते प्रजननात. गाईतही कधी कधी १ आणि २९ क्रमांकांची गुणसूत्रे जोडलेली सापडतात. १९६४ मध्ये स्वीडनमधल्या गुरांत हे दिसले. अशा जनावरात ५९ गुणसूत्रे असतात. बीजपेशी बनताना जोडलेल्या एकासमोर सुटी दोन उभी राहतात, वाटणी चुकते, काही गर्भ सुरुवातीलाच गळतात आणि गाय गाभण राहण्याचे प्रमाण घटते. कृत्रिम रेतनाच्या वळूची गुणसूत्रे आधी तपासून घेतात ती यासाठीच, कारण एका वळूचे वीर्य हजारो गाईंपर्यंत पोचते.

त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट दिसते. वशिंडाची देशी गाय आणि युरोपातली जर्सी, दोघींची गुणसूत्रे ६०. फरक वळूंच्या वायमध्ये. देशी वळूच्या वायचा बिंदू सहसा टोकाशी, जर्सीच्या वायचा मध्याकडे सरकलेला. वाय बापाकडून मुलाकडे जातो. म्हणून जर्सी बापाच्या संकरित वळूत जर्सीचाच वाय असतो, आणि पुढच्या पिढ्यांत दर वेळी आई श्वेत कपिला या गोव्याच्या देशी जातीची असली, वासरू दिसायला पुरते देशी झाले, तरी मुलग्यांच्या वंशात तो तसाच राहतो.