बोर्डाची कंबर आणि बर्फावरची रेघ

स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय आडवे बांधून बर्फाच्या उतारावरून घसरायची फळी, भाड्याने घ्यायला गेलात की दुकानातला माणूस बोर्ड तुमच्या शेजारी उभा धरतो. टोक हनुवटी आणि नाकाच्या मध्ये कुठेतरी आलं की माप जमलं! बोस्टनला आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात जवळच्या व्हरमाँट राज्यातल्या एका दुकानात माझंही माप असंच घेतलं गेलं. उंची १६८ सेंटिमीटर, म्हणून हातात आला १५० सेंटिमीटरचा, पुरुषांसाठी बनवलेला कडक बोर्ड. वजन ५२ किलो होतं, पण ते कुणी विचारलंच नाही. दिवसभर तो बोर्ड वळता वळेना आणि मला वाटत राहिलं की माझेच पाय कमी पडतायत.

हा हनुवटीचा नियम आजही सर्रास सांगितला जातो. पण बोर्डाला तुमची उंची कळत नाही, बुटांमधून खाली येणारा दाब तेवढा कळतो. असं का, ते जरा सविस्तर सांगते, कारण एकदा ते समजलं की निवडीचे निम्मे प्रश्न सुटतात.

वरून पाहिलं तर बोर्ड मधे बारीक असतो. त्या भागाला कंबरच म्हणतात. दोन्ही बाजूंची पोलादी कड म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. स्त्रियांच्या सर्वसाधारण बोर्डात या वर्तुळाची त्रिज्या साधारण ६ ते ७ मीटर असते. बर्फाला टेकणारी कड १.१ मीटर आणि त्रिज्या ७ मीटर धरली, तर कंबरेपाशी खाच पडते जेमतेम २ सेंटिमीटरची. सगळी जादू या दोन सेंटिमीटरांत आहे.

घरातली एखादी जुनी, जाड लग्नपत्रिका घ्या. तिची एक लांब कड कात्रीने किंचित आत वळलेली कापा. ती कड टेबलावर टेकवून पत्रिका तिरकी धरा. दोन्ही टोकं टेकतील, मधे फट राहील. आता फट मिटेपर्यंत पत्रिका मधोमध दाबा. वरून बघा, टेबलाला टेकलेली रेघ तुम्ही कापली होती त्याहून जास्त वळलेली दिसेल. पत्रिका आणखी कलती केली की रेघ आणखी वळते. बर्फावर स्नोबोर्ड वळतो तो असाच.

भूमितीत मांडायचं तर बोर्ड जितक्या कोनात कलतो, त्या कोनाच्या टॅनने खाचेला गुणलं की फट मिटवायला लागणारा वाक मिळतो, आणि मूळ त्रिज्येला कोसाइनने गुणलं की वळणाची त्रिज्या. ३० अंशांना वाक हवा सव्वा सेंटिमीटरच्या आसपास आणि वळण ६ मीटरचं. ४५ अंशांना वाक पूर्ण २ सेंटिमीटर, वळण ५ मीटरचं. ६० अंशांना वळण साडेतीन मीटरवर येतं. बर्फ मऊ असेल तर कड थोडी रुतते आणि काम सोपं होतं, पण तत्त्व तेच.

मग हा वाक आणायचा कुणी? तुमच्या वजनाने, आणि वळताना शरीर बाहेर फेकलं जातं त्या जोराने. तो जोरही वजनाच्याच प्रमाणात असतो. आता पट्टीचा कडकपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८० किलोच्या माणसासाठी बोर्डाचा लाकडी गाभा ७ मिलिमीटर जाड असेल, तर ५२ किलोच्या बाईला तेवढाच वाक सहज मिळायला गाभा हवा सुमारे ६ मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरचा! लाकडाच्या वर-खाली काचतंतूंचे थर असल्यामुळे प्रत्यक्ष हिशेब थोडा वेगळा येतो, पण दिशा हीच. दुकानातला तो बोर्ड माझ्या वजनाखाली पुरेसा वाकतच नव्हता. फट मिटत नव्हती, म्हणून तो फरफटत होता.

यावरून ‘स्त्रियांचा बोर्ड’ म्हणजे नेमकं काय ते उघड होतं: पातळ गाभा आणि अरुंद कंबर. कंबर अरुंद कशासाठी, तर पाऊल लहान असलं की बोटं आणि टाच कडेपाशी पोचायला हवीत, नाहीतर कड उचलायला फार जोर लागतो. उलट बूट फार बाहेर आला तर वळताना तोच बर्फाला घासतो. म्हणून आधी बूट, मग बोर्ड. १४५ सेंटिमीटरच्या आसपासच्या बोर्डाची कंबर २४ सेंटिमीटरच्या जवळपास असते.

‘स्त्रियांचा गुरुत्वमध्य खाली असतो, म्हणून ही खास रचना’ असंही जाहिरातींत वाचायला मिळतं. सरासरीत फरक आहे, पण उंचीच्या एक-दोन टक्क्यांचा. गुडघे जरासे वाकवले तरी त्याहून जास्त फरक पडतो. असल्या वाक्यांवर पैसे घालवू नका. वजन जास्त आणि पाऊल मोठं असेल, तर बाईने बिनदिक्कत पुरुषांचा बोर्ड घ्यावा. आणि १९६५च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शेरमन पॉपेन यांनी दोन स्की जोडून ‘स्नर्फर’ केला, ज्यातून पुढे स्नोबोर्ड आला, तो त्यांच्या मुलींसाठीच होता.

राहिला बाजूने दिसणारा आकार. कॅम्बरचा बोर्ड जमिनीवर ठेवला की मधे काही मिलिमीटर उचललेला असतो, ट्रकच्या कमानपाट्यांसारखा. त्यावर उभं राहिलं की कमान सपाट होते आणि तिचा दाब दोन्ही टोकांकडे जातो, म्हणून टणक बर्फावर पकड चांगली. पण आडवं घसरताना उताराकडची कड चुकून टेकली तर तीही तशीच घट्ट पकडते. पाय जागच्या जागी थांबतात, धड पुढे जातं, आणि धावत्या बसने अचानक ब्रेक मारल्यावर होतं तेच होतं. रॉकर याच्या उलट: टोकं उचललेली, त्यामुळे चुका पोटात घालणारा. पश्चिम अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या भुसभुशीत बर्फात तो छान तरंगतो. व्हरमाँटमध्ये दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या टणक बर्फावर मात्र पायाखालून फिरायला लागतो.

नवशिकी ते मध्यम, दोन्ही टप्प्यांना एकच बोर्ड पुरवायचा असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: पायांखाली आणि पायांमध्ये कॅम्बर, फक्त दोन्ही टोकं उचललेली, मध्यमाहून किंचित मऊ, आणि लांबी कंपनीच्या वजनाच्या तक्त्यावरून. मी घेतला तो १४४चा. पूर्ण रॉकर पहिले दोन-तीन दिवस गोड वाटतो, पण वळणं जमायला लागली की तोच अडवतो.

बोर्ड वाकतोय की नाही हे लिफ्टमधून, म्हणजे तारेवरच्या खुर्चीतून, डोंगरावर जाताना कळतं. खाली आपलाच माग शोधा. केरसुणीने झाडल्यासारखा रुंद पट्टा असेल तर बोर्ड फरफटला. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक, वळलेली रेघ दिसली तर त्या ठिकाणी फट मिटली होती.