घरी ऐकते, मग वर्गात का नाही?
कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात बसवलेलं, ऐकायला मदत करणारं यंत्र) असलेल्या मुलांच्या पालकांसाठी आमच्या श्रवण-वाचा केंद्राचं माहितीपत्रक

मॅपिंगला, म्हणजे इम्प्लांटचं सेटिंग मुलाप्रमाणे जुळवून घ्यायला, येणाऱ्या पालकांची नेहमीची तक्रार अशी असते: "घरी हळू हाक मारली तरी वळून बघते. पण बाई म्हणतात, वर्गात हिचं लक्षच नसतं." तपासणीच्या बंद खोलीत शब्दांची चाचणी घेतली तर निकाल छान. मशीन चालू, मॅप व्यवस्थित. अशा मुलांचं घोडं बहुतेक वेळा गोंगाटात अडतं. लक्ष नसणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्यावरून मुलाला ओरडा बसू नये.

कानाच्या आत काय होतं

नैसर्गिक कानात आवाज टिपून नसेकडे पाठवणाऱ्या सुमारे ३,५०० केशपेशी असतात. इम्प्लांटमध्ये ते काम, कंपनीनुसार, १२ ते २२ इलेक्ट्रोड (नसेला विजेचे संकेत देणारे बारीक बिंदू) करतात. त्यातही आतल्या कानात द्रव असल्यामुळे एका इलेक्ट्रोडचा प्रवाह शेजारच्याच्या हद्दीत पसरतो. बारीक रांगोळी जाड खडूने काढावी तसं हे आहे: कमळ आहे हे ओळखू येतं, पण त्यावरच दुसरी नक्षी काढली की दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत.

शांत खोलीत एवढ्या माहितीवर बोलणं कळतं. गोंगाटात आधी व्यंजनं बुडतात. पान, कान, तान यांतला फरक सुरुवातीच्या क्षणभराच्या आवाजात असतो. तो झाकला गेला की मागे "आन" उरतं. म्हणून मूल "आवाज येतो, पण काय म्हणाले ते कळत नाही" असं सांगतं, आणि ते खरंच असतं. सात की साठ, हेही असंच.

आणखी एक अडचण आहे. गोंगाटातही मध्ये मध्ये फटी असतात. शेजारचा श्वास घ्यायला थांबला की आपण तेवढ्यात समोरच्याचा शब्द उचलतो. इम्प्लांटवर हे फारसं साधत नाही. शिवाय आवाजाची पट्टी नीट पोचत नसल्यामुळे आई आणि आत्या एकदम बोलल्या तर कुठला शब्द कुणाचा, हे सुटं करता येत नाही. लग्नाच्या पंगतीत मूल गप्प बसून मान डोलावत असेल तर ते हुशारीने वेळ मारून नेतंय असं समजा. "कळलं का?" विचारू नका, उत्तर "हो"च येतं. "मी काय सांगितलं?" असं विचारा.

आवाज वाढवून भागत नाही

व्हॉल्यूम वाढवला की बाईंच्या आवाजाबरोबर पंख्याचा आणि बाकांचा आवाजही वाढतो. महत्त्वाचं असतं ते बोलणं गोंगाटापेक्षा किती वर आहे. नीट ऐकू येणारी मोठी माणसं दोन्ही सारखे असले तरी निभावतात. श्रवणदोष असलेल्या मुलांच्या वर्गात बोलणं गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबल वर असावं, असं तज्ज्ञ सांगतात. आता हिशोब बघा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बाईंचा आवाज एक मीटरवर ६५ असेल तर चार मीटरवर ५३ च्या आसपास, आणि भरलेल्या वर्गाचा गोंगाट ६० पर्यंत सहज जातो. त्यात शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा असेल तर आवाज घुमतो. पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळली की विषयच संपला.

ढोल-ताशाजवळ वेगळं घडतं. मोठा आवाज आला की प्रोसेसर (मशीनचा बाहेर लावायचा भाग) स्वतःहून सगळंच खाली दाबतो, त्यात तुमचं बोलणंही जातं. मिरवणुकीत खुणेने बोला.

उपाय: आधी अंतर

एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारणं बंद करा. बोलताना टीव्ही आणि मिक्सर बंद. एकाच कानाला इम्प्लांट असेल तर आवाज कुठून आला हे मुलाला कळत नाही, म्हणून आधी नाव घ्या, तोंड दिसू द्या, मग बोला. दुसऱ्या कानात थोडं ऐकू येत असेल तर त्या कानाचं श्रवणयंत्र कपाटात ठेवू नका. खालच्या पट्टीचा आवाज त्यातून मिळतो आणि गोंगाटात तो उपयोगी पडतो.

वर्गात पहिल्या-दुसऱ्या रांगेत, खिडकी आणि व्हरांड्यापासून दूर, जरा बाजूला बसवा, म्हणजे मान वळवून बोलणारी मुलंही दिसतात. इम्प्लांटचा कान बाईंकडे असावा. बाकाच्या पायांना रबरी बूट, दाराला जाड पडदा, एवढ्यानेही फरक पडतो. शाळेने कुरकुर केली तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं कलम १६ दाखवा: मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करणं शाळेवर बंधनकारक आहे. शाळेसाठी पत्र आम्ही विनामूल्य देतो.

रिमोट माईक, म्हणजे बाईंनी लावायचा आणि त्यांचा आवाज थेट मुलाच्या मशीनमध्ये पाठवणारा माईक, घ्यावा का? हा आम्ही विकतो, म्हणून स्पष्ट सांगतो: वर्गासाठी याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, पण आधी वर्गात वापरून बघा, मगच पैसे द्या. माईक बाईंच्या ओठांपासून वीतभर खाली लावायचा असतो. मंगळसूत्र किंवा पदर त्यावर घासला तर मुलाला खरखर सोडून काही ऐकू येत नाही. दुसऱ्या मुलाने उत्तर दिलं की बाईंनी ते पुन्हा म्हणावं. ज्या शाळेत माईक कपाटातच राहणार आहे, तिथे तो घेऊ नका.

प्रोसेसरमधला गोंगाटाचा प्रोग्रॅम समोरचा आवाज उचलतो आणि मागचा दाबतो. बाई समोर असतील तर उत्तम, गटात काम चालू असेल तर मागच्या मैत्रिणीचं बोलणंही त्यात जातं.

रोजची तपासणी चुकवू नका. सकाळी ओठ न दाखवता आ, ई, ऊ, म, श, स म्हणा आणि मुलाला तेच म्हणायला सांगा. आधी जवळून, मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. प्रोसेसरच्या माईकच्या जाळीवर धूळ, घाम, पावडर बसली की घरी सगळं ठीक वाटतं, गोंगाटात मात्र आधी बिघडतं. पावसाळ्यात मशीन रात्री सुकवणीच्या डबीत ठेवाच.

शाळेतून आल्यावर मूल चिडचिडं असेल तर तो थकवा आहे. सहा तास शब्द जुळवत बसणं सोपं नाही. लगेच क्लासला धाडू नका.

पूर्वी गोंगाटात जमत होतं आणि आता जमत नाही, असं वाटलं तर पुढच्या मॅपिंगची वाट न बघता या. येताना बाईंकडून दोन ओळी लिहून आणा: कुठल्या तासाला, वर्गात काय चालू असताना कळत नाही. तपासणीच्या बंद खोलीत आम्हाला ते दिसत नाही.