भिंगाभोवतीचे चार आकडे

दुकानात छोटा कॅमेरा बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "झूम किती एक्सचा?" खोक्यावरही तोच आकडा सगळ्यात ठळक. तीस एक्स, चाळीस एक्स. गंमत म्हणजे लांबची वस्तू किती जवळ येईल, हे त्या आकड्यावरून कळतच नाही. भिंगाची सगळ्यात लांब फोकल लेंग्थ (भिंगाची पोच सांगणारं मिलिमीटरमधलं माप) भागिले सगळ्यात आखूड फोकल लेंग्थ, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापात २४ पासून २४० मिलिमीटरपर्यंत जाणारा कॅमेरा दहा एक्सचा आणि ५० पासून ५०० पर्यंत जाणाराही दहा एक्सचाच. पहिल्यात अख्खं घर मावेल, दुसऱ्यात झाडावरचा पक्षी.

कामाचे आकडे खोक्यावर नसतात, भिंगावर असतात. कॅमेरा चालू केल्यावर नळी सरसर बाहेर येते, तिच्या तोंडाशी काचेभोवती एक कडं असतं. त्यावर बारीक अक्षरांत चार आकडे कोरलेले किंवा छापलेले दिसतील: दोन खऱ्या फोकल लेंग्थचे (आखूड आणि लांब टोक), दोन त्या टोकांच्या एफचे. एफचा आकडा जितका लहान तितकं भिंग उजेडी. कॅननच्या २०१८ सालच्या एसएक्स ७४० वर लिहिलंय: ४.३–१७२.० एमएम, १:३.३–६.९. सोनीच्या २०१२ च्या पहिल्या आरएक्स १०० वर आहे: १.८–४.९, १०.४–३७.१. दोन्ही खिशात मावतात. कॅननचं वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, सोनीचं २४०. पहिला चाळीस एक्सचा, दुसरा जेमतेम साडेतीन एक्सचा. तरी बाजारात आला तेव्हाच्या किमतीत दुसराच महाग होता. का, ते या चार आकड्यांच्या भागाकारात कळतं.

फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागलं की प्रकाश आत यायच्या वाटेचा, म्हणजे भिंगाच्या तोंडाचा, व्यास मिळतो. कॅनन पूर्ण झूमवर: १७२ भागिले ६.९, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर. सोनी पूर्ण झूमवर: ३७.१ भागिले ४.९, म्हणजे साडेसात. आता झूम मागे घ्या. कॅनन: ४.३ भागिले ३.३, जेमतेम १.३ मिलिमीटर. सोनी: १०.४ भागिले १.८, जवळपास ५.८. लांबचं बघताना कॅननचं तोंड मोठं, जवळचं बघताना सोनीचं. माझ्या मते छोटा कॅमेरा निवडताना यापेक्षा महत्त्वाचा हिशेब नाही.

आता हे आकडे घेऊन बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला जाऊ. जांबोटी–कणकुंबीच्या रस्त्याला, भीमगडच्या जंगलाच्या अंगाला, उंबर पिकला की धनेश येतात. मोठा धनेश चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण मीटरभर. समजा तो साठ मीटरवर बसलाय. सेन्सर, म्हणजे भिंगामागचा प्रकाश टिपणारा तुकडा, प्रत्येक कॅमेऱ्यात वेगळ्या आकाराचा असतो, म्हणून पोच जुन्या ३५ मिमी फिल्मच्या मापात मोजतात. सोनीची पूर्ण पोच त्या मापात १०० मिमी. साठ मीटरवर तिच्या चौकटीत साडेएकवीस मीटर रुंदीचं दृश्य येतं. २० मेगापिक्सेलच्या त्या फोटोत पक्ष्याच्या वाट्याला येतात अडीचशेच्या आसपास पिक्सेल. कॅननची पोच त्याच मापात ९६० मिमी, चौकट सव्वादोन मीटरची. धनेश जवळजवळ निम्मी चौकट भरतो.

इथे कुणीही म्हणेल की सोनीचा सेन्सर मोठा आहे, फोटो कापून मोठा करू. सेन्सर मोठा आहे हे खरंच: १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, तर कॅननचा ६.२ बाय ४.६ च्या आसपास. क्षेत्रफळात चौपट. (त्यांना 'एक इंची' आणि '१/२.३ इंची' म्हणतात, पण टेप लावून तो इंच कुठे सापडणार नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या जाडीवरून ती मापं चालत आली.) पण पक्ष्यावरून निघालेला किती प्रकाश आपल्याला मिळतो, हे सेन्सर ठरवत नाही, तोंडाचा व्यास ठरवतो. २५ मिमीच्या तोंडातून साडेसात मिमीपेक्षा अकरा पट प्रकाश येतो. बारकाव्यांचंही तसंच. प्रकाश ही लहर असल्यामुळे तोंड जितकं लहान तितका बिंदू पसरट उमटतो. साठ मीटरवर साडेसात मिमीच्या तोंडाला साधारण पाच मिलिमीटरपेक्षा बारीक काही वेगळं करता येत नाही. २५ मिमीचं तोंड दीड मिलिमीटरपर्यंत पोचतं. पिसाची कड दिसणार की नुसता काळा-पांढरा पट्टा, हा फरक इथला. तेव्हा 'लहान सेन्सर म्हणजे वाईट कॅमेरा' असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते धनेशाच्या बाबतीत खोटं ठरतं.

मात्र कॅननचे २० मेगापिक्सेल पूर्ण झूमवर खरे नसतात. एफ ६.९ ला प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे नऊ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) व्यासाचा ठिपका होतो, आणि तिथला एक पिक्सेल असतो १.२ मायक्रॉनचा. एकच ठिपका आडवे सात-आठ पिक्सेल व्यापतो. म्हणजे एवढ्याशा सेन्सरवर आणखी मेगापिक्सेल कोंबून फाइल मोठी होईल, पक्षी नाही.

आता रात्र. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बेळगावात रात्रभर चालते. रथावर झगझगीत दिवे, खाली गर्दी अंधारात, सोंगं घेतलेली पोरं एका जागी थांबत नाहीत. गल्ली अरुंद, मागे सरकायला जागा नाही. इथे झूम मागेच घ्यावा लागतो आणि कॅननचं तोंड १.३ मिलिमीटरवर येतं. सेन्सर चौपट, त्यात एफ १.८ विरुद्ध ३.३, दोन्हींचा गुणाकार केला तर त्याच शटरला (प्रकाश आत घेण्याच्या तेवढ्याच वेळात) सोनी अख्ख्या चौकटीचा मिळून चौदा पट प्रकाश गोळा करतो. कॅनन मग आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढवतो आणि फेट्याच्या घड्या पिठासारख्या होतात. आनंदवाडीच्या आखाड्यात संध्याकाळी कुस्ती रंगते तेव्हाही हेच. ढाक मारली तो क्षण गोठवायला सेकंदाच्या पाचशेव्या भागाचं शटर लागतं. मागच्या रांगेतून झूम करत गेलात की एफ ३.३ चा ६.९ होतो, सेन्सरवरचा प्रकाश पाव हिश्श्यावर येतो. त्यापेक्षा लवकर जाऊन हौद्याच्या कडेला जागा धरलेली बरी.

रुंद टोकाचंही बघून घ्या. त्याच फिल्मच्या मापात २४ आणि २८ मध्ये चारचाच तर फरक, असं वाटतं. पण पाच मीटरवरून २४ मध्ये साडेसात मीटर रुंदी मावते आणि २८ मध्ये ६.४. गल्लीत उभं राहून अख्खा रथ घ्यायचा असेल, किंवा किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या छतावरचं कोरीव कमळ पूर्ण हवं असेल, तर तो मीटरभराचा फरक दहा एक्सपेक्षा जास्त उपयोगी.

मग मोठा सेन्सर आणि लांब झूम एकाच खिशात का नाही देत? हिशेब करा. सोनीच्या सेन्सरवर ९६० मिमीची पोच हवी असेल तर खरी फोकल लेंग्थ ३५० मिलिमीटर लागते, आणि एफ ६.९ ठेवायचं तर तोंड ५० मिलिमीटरचं. एवढी काच शर्टाच्या खिशात जाणार नाही. निकॉनने पी १००० मध्ये लहान सेन्सर ठेवूनच पोच ३००० पर्यंत नेली: ५३९ मिमी, एफ ८, तोंड ६७ मिमी. वजन १ किलो ४१५ ग्रॅम. तो कॅमेरा गळ्यात घालून येळ्ळूरचा राजहंसगड चढून बघा. मधला तोडगाही निघाला. पॅनासॉनिकचा २०१६ चा टीझेड १०० एक इंची सेन्सरवर २५ ते २५० देतो, पूर्ण झूमवर तोंड पंधरा मिमीच्या वर, वजन ३१२ ग्रॅम. माझा कल याच्याकडेच जास्त. धनेश लहान येईल. पण मिरवणूक येईल, गड येईल, घरातलं बारसंही येईल.

लांब झूमला आणखी एक खर्च असतो, तो म्हणजे हाताची थरथर. ९६० ला चौकट दोन अंशांच्या जवळपास असते, तिथे श्वासही दिसतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाचं शटर हा जुना ठोकताळा. स्थिरीकरणामुळे त्यात बरीच सूट मिळते, पण ती हाताला मिळते, हलणाऱ्या पक्ष्याला नाही. दोन सेकंदांचा टायमर लावा आणि कॅमेरा मोटरसायकलच्या सीटवर टेकवा. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असेल तर कपाळाचाही आधार मिळतो, आणि दुपारच्या उन्हात मागचा पडदा दिसत नाही तेव्हा तोच उपयोगी पडतो. एसएक्स ७४० मध्ये तो नाही, टीझेड १०० मध्ये आहे. दुपारी माळावरची तापलेली हवा मात्र कुठलाच कॅमेरा थोपवू शकत नाही. लांबचे फोटो सकाळीच काढावेत.

फोनचं काय? २०१० साली जगात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे दुकानांकडे गेले होते, २०२० मध्ये एक कोटीही नाहीत. तीन-चार एक्सचे लहान सेन्सरवाले कॅमेरे फोननेच खाल्ले, आणि बरंच झालं. बरा फोन हातात असताना तसला कॅमेरा हौसेखातर घ्यावा. चांगल्या फोटोसाठी घेऊ नये. फोनच्या पातळ अंगात २५ मिमीचं तोंड अजून बसलेलं नाही. तेवढीच जागा छोट्या झूम कॅमेऱ्याला उरली आहे.

आता बरेच व्यवहार जुन्या कॅमेऱ्यांचे होतात, त्यात आपल्याकडची हवा विसरू नका. नळी बाहेर येताना हवा आत ओढते. उन्हाळ्यात खानापूर भागातली लाल धूळ तिच्याबरोबर आत जाते आणि सेन्सरवर बसते. भिंग निघत नसल्यामुळे ती घरी पुसता येत नाही. पावसाळ्यात ओल धरून काचेवर बुरशीची जाळी चढते. म्हणून विकणाऱ्याकडून कड्याचा जवळून काढलेला फोटो मागवा, चारही आकडे वाचा. कॅमेरा हातात आल्यावर झूम पूर्ण बाहेर काढून बॅटरीचा उजेड तिरपा टाका, कोळिष्टकासारखं काही दिसलं तर परत द्या. मग कोऱ्या आभाळाचा एक फोटो पूर्ण झूमवर, तोंड शक्य तितकं लहान करून (एफचा आकडा मोठा ठेवून) काढा. धुळीचे डाग असतील तर त्यात लगेच काळसर ठिपके दिसतात. घेतल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि जूनपासून त्या पुड्यांतले दाणे अधूनमधून तव्यावर गरम करून कोरडे करत जा.