टू-स्ट्रोक आउटबोर्ड: पेट्रोलमधलं ऑइल वेगळं, हवेतलं पेट्रोल वेगळं

1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी उठते, होड्या पुन्हा पाण्यात उतरतात, आणि मालवणपासून मुरुडपर्यंत जिथे जावं तिथे एकच सल्ला कानावर पडतो: "इंजिन धूर मारतंय ना? ऑइल जास्त पडलंय. पुढच्या कॅनला निम्मं घाल." सल्ला देणारा तेवढं बोलून चहाला जातो. पुढे कधीतरी भर समुद्रात पिस्टन जाम होतो तेव्हा दोष कंपनीला, नाहीतर पेट्रोल पंपाला.

टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये (होडीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनात) दोन मिश्रणं असतात. एक आपण कॅनमध्ये करतो: पेट्रोल आणि ऑइल. दुसरं कार्ब्युरेटर करतो: हवा आणि पेट्रोल. धूर दोन्हींमुळे होतो. पण उपाय एकमेकांचे नाहीत.

पहिलं मिश्रण लुना किंवा जुनी चेतक चालवलेल्यांना समजावायला नको. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली ऑइल, 24 लिटरच्या टाकीला 480. नवं इंजिन रनिंग-इनला (सुरुवातीच्या तासांत) असेल तर बहुतेक पुस्तिका 25:1 सांगतात, म्हणजे लिटरला 40. काही मॉडेलांचं प्रमाण निराळं असतं, पुस्तिका बघा. मात्र डब्यावर टीसी-डब्ल्यू3 (पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकच्या ऑइलचं मानक) लिहिलेलं हवं. स्कूटरचं टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं आणि जळल्यावर राख सोडतं. पाण्यावर थंड होणाऱ्या आउटबोर्डात ती राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते. "ऑइल ते ऑइलच" म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय. ज्यांच्या इंजिनाला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप आहे, त्यांनी रनिंग-इन संपल्यावर कॅनमध्येही ऑइल ओतत राहू नये. तिथे धूर दुप्पट ऑइलचाच असतो.

दुसरं मिश्रण कुणी मोजत नाही, कारण ते दिसत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. पूर्ण ताकदीच्या वेळी पेट्रोल थोडं जास्तच द्यावं लागतं, 12.5 ते 13 किलो हवेला एक किलो. पेट्रोल याहून जास्त झालं की इंजिन रिच, कमी पडलं की लीन. अर्धवट लागलेला चोक, न बसणारी फ्लोटची नीडल (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई), पेट्रोल पंपाचा फाटलेला डायफ्राम (पडदा) यांमुळे रिच. गाळाने बुजलेला जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक), हवा खेचणारा पाइप, बंद राहिलेला टाकीचा व्हेंट (हवा आत घेणारं भोक) यांमुळे लीन.

इथपर्यंत सगळे मान डोलावतात. घोळ यापुढे आहे.

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खाली संपमध्ये (ऑइलच्या कुंडीत) वेगळं असतं. टू-स्ट्रोकला संपच नाही. क्रँकच्या बेअरिंगला, पिस्टनला, रिंगांना जे काही ऑइल मिळतं ते पेट्रोलमध्ये विरघळून, त्याच जेटच्या भोकातून येतं. म्हणून कार्ब्युरेटर बिघडला की पेट्रोलबरोबर ऑइलचाही पुरवठा बदलतो. इंजिन रिच झालं तर जास्त पेट्रोल आत जातं आणि त्याच्यासोबत जास्त ऑइलही. धूर निळसरच निघतो, ऑइलचाच वास येतो, प्लग काळा आणि ओला होतो. कॅनमधलं प्रमाण अगदी बरोबर असलं तरी हेच होतं. निळा धूर म्हणजे ऑइल जास्त, हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. ऑइल जास्त जळतंय एवढंच रंग सांगतो. ते कुठल्या वाटेने जास्त आलं, हे नाही.

आता त्या निम्म्या ऑइलच्या सल्ल्याचं बघा. नीडल गळत असल्यामुळे धूर आहे आणि तुम्ही 50:1 चं 100:1 केलंत. धूर कमी होतो, सल्ला देणारा खूश. नीडल तशीच गळतेय. मग कधीतरी ती साफ होते, किंवा उलट जेटमध्ये कचरा अडकतो. पेट्रोल नेहमीइतकं किंवा त्याहून कमी येऊ लागतं, आणि त्या पेट्रोलात ऑइल निम्मंच. लीन इंजिन आधीच जास्त तापतं. तापलेला पिस्टन फुगतो, सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा थर नाही, आणि इंजिन सीझ.

उलटा शहाणपणाही चालतो. इंजिन तापतंय, पिकअप घेत नाही, म्हणून "जरा ऑइल वाढव, बिचाऱ्याला थंड वाटेल." एका लिटरमध्ये ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं, शिवाय मिश्रण घट्ट होऊन जेटमधून किंचित हळू येतं. म्हणजे हवेच्या हिशेबात इंजिन थोडं आणखी लीन होतं. फरक लहान आहे, पण दिशा चुकीची आहे. जेटचा रोग कॅनमध्ये बरा होत नाही.

मग ओळखायचं कसं? एका स्वच्छ छोट्या टाकीत पाच लिटर ताजं पेट्रोल घ्या आणि मापाच्या भांड्याने 100 मिली ऑइल घाला. बाटलीच्या झाकणाने किंवा "अंदाजाने" नको. त्यावर इंजिन पाण्यात, लोडवर, पाइपातलं आणि कार्ब्युरेटरमधलं जुनं मिश्रण संपेपर्यंत चालवा. सुरुवातीचा धूर मोजू नका. बरेच दिवस उभ्या किंवा तिरक्या राहिलेल्या इंजिनात ऑइल तळाशी साचतं आणि ते जळून जावं लागतं. दोरी किंवा गळ टाकून तासभर हळू चालवल्यावर एकदम रेस दिली तर सुटणारा धुराचा लोटही त्याच साचलेल्या ऑइलचा. तो रोग नाही. एवढं झाल्यावर धूर गेला तर चूक कॅनची होती. राहिला तर कॅनला हात लावू नका, कार्ब्युरेटरकडे वळा.

तिथे पहिली तपासणी टाकीकडून येणाऱ्या पाइपावरच्या रबरी बल्बची. इंजिन बंद ठेवून बल्ब कडक होईपर्यंत दाबा. कडक झाल्यावरही कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल ठिबकत असेल तर नीडल बसत नाही, इंजिन रिच आहे. दुसरी तपासणी चालत्या इंजिनावर. ज्या रेसला ते मिसिंग मारतं त्याच रेसला चोक क्षणभर अर्धा ओढा. सुधारलं तर लीन, आणखी गुदमरलं तर रिच. तसंच चालत्या इंजिनाचा बल्ब दाबल्यावर ते सावरत असेल तर पेट्रोल पुरेसं पोचत नाही: फिल्टर, पाइप, कपलिंग, पंप या क्रमाने बघा. बल्ब चपटा झाला असेल तर त्या यादीआधी टाकीच्या झाकणावरचा व्हेंट उघडा.

व्हेंटबद्दल आणखी एक, कारण याने भलेभले चकतात. तोच स्क्रू इंजिन लीनही करतो आणि रिचही. बंद राहिला आणि इंजिन चालू असलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येईनासं होतं. बंद राहिला आणि होडी दुपारच्या उन्हात पाइप जोडून उभी असली तर टाकी तापते, आतला दाब पेट्रोल नीडलपलीकडे ढकलतो आणि इंजिन फ्लड होतं. संध्याकाळी सुरू करायला जावं तर धुराचे ढग. उभं करताना पाइप काढून ठेवा, काम संपलं.

सगळं ठीक असूनही धूर आणि थरथर असेल तर दोन्ही सिलिंडरचे प्लग काढून शेजारी ठेवा. एक तपकिरी आणि एक ओला काळा असेल तर ओल्या प्लगच्या सिलिंडरला बहुधा स्पार्क नाही, आणि न जळलेलं पेट्रोल-ऑइल तसंच बाहेर पडतंय. प्लग अदलाबदल करून बघा. चालू इंजिनाची प्लग कॅप ओढून "कुठला सिलिंडर मेला" हे बघायची सवय मात्र सोडा. झटका बसतो तो बसतो, वर सीडीआय युनिट (स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जाऊ शकतं.

ई-20 पेट्रोलाने (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) हे प्रकरण किचकट केलंय. इथेनॉलमध्ये आधीच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तोच जेट, तीच हवा असूनही इंजिन पूर्वीपेक्षा लीन चालतं. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या 10 टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी देतात. दुसरी गोष्ट जास्त वाईट. इथेनॉल ओलावा ओढतं, आणि पावसाळाभर उभ्या टाकीत पाणी वाढलं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. ऑइल वरच्या पेट्रोलातच राहतं आणि टाकीचा पाइप तळातून ओढतो. म्हणजे ऑगस्टमधल्या पहिल्या सुरुवातीला इंजिनाला जवळपास ऑइल नसलेलं पाणी-इथेनॉल मिळतं, तुम्ही मे महिन्यात कितीही काटेकोर मोजून ओतलेलं असो. टाकीतलं जुनं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून थोडा वेळ ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर इंजिनात घालू नका, ढवळून तर मुळीच नाही. बंदीच्या आधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करणं हे खरं काम, पण तेव्हा कुणाला वेळ नसतो.

आणखी एक सवय मला खटकते: थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत थंड पाणी अडवणारी झडप) काढून फेकण्याची. "आपल्याकडे कशाला हवा, गरमच आहे की." गरम हवा आहे, इंजिनात मात्र सतत समुद्राचं पाणी खेळतं. थर्मोस्टॅटशिवाय ते हळू चालताना थंडच राहतं, पेट्रोल नीट वाफ होत नाही, प्लग काळे होतात आणि धूर वाढतो. मग पुन्हा तोच सल्ला: "ऑइल कमी कर!"

पांढरा धूर हा निराळा विषय. गार सकाळी दिसणारी आणि लगेच विरणारी वाफ सोडून द्या. इंजिन तापल्यावरही राहिली आणि एका सिलिंडरचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर हेड गॅस्केटमधून पाणी आत येतंय. इंजिन बंद करा आणि मेकॅनिककडे न्या. फोर-स्ट्रोकवाल्यांना कॅनचा प्रश्नच नाही. तिथे निळा धूर दिसला तर आधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघायची. ऑइल खुणेच्या वर असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर न जळलेलं पेट्रोल संपमध्ये उतरतंय, आणि तिथेही थंड चालणारं इंजिन हा पहिला संशयित.