स्कॅन करताना खालची सही कापली जाते? कागदाचं माप असं भरा

"स्कॅन तर झालं, पण खालचा भाग आलाच नाही." म्हापसा, डिचोली, पेडण्याकडच्या ग्राहकांची ही नेहमीची तक्रार. मशीन बहुधा धड असतं. सॉफ्टवेअर कागदाला ए-फोर समजून २९७ मिलिमीटरवर थांबतं आणि तुमच्या विक्रीखताचा लीगल कागद असतो ३५६ मिलिमीटरचा. उरलेल्या सहा सेंटिमीटरांतच सह्या-शिक्के असतात.

आधी पट्टी घेऊन कागद मोजा. पोर्तुगीज काळातले दस्त किंवा देवस्थानच्या जुन्या हिशेबवह्यांची पानं तयार मापांत बसतीलच असं नाही. मग स्कॅनच्या सॉफ्टवेअरमधल्या 'सोर्स'मध्ये काच की फीडर (कागद आपोआप आत ओढणारा भाग) ते ठरवा. हे पहिलं, कारण बऱ्याच स्कॅनरांत मापांची यादी त्यावरच बदलते. ए-फोरच्या काचेवर लीगल कागद मावत नाही, तिथे सेटिंग काय करणार? फीडर तरी वापरा, नाहीतर दोन तुकड्यांत स्कॅन करा.

आता 'पेज साइज'च्या यादीत 'कस्टम' शोधा. विंडोजच्या साध्या स्कॅन अ‍ॅपमध्ये ते मिळालं नाही, तर स्कॅनर कंपनीचं सॉफ्टवेअर उघडा किंवा 'नॅप्स-टू' (NAPS2) हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात प्रोफाइलमध्येच, म्हणजे जपून ठेवलेल्या सेटिंगमध्येच, माप भरता येतं. रुंदी-लांबी टाकताना शेजारचं एकक बघा. १४ इंचांच्या जागी १४ मिलिमीटर राहिलं, तर बोटभर रुंदीची पट्टी हाती येते! मापात दोन-तीन मिलिमीटर जास्त धरा, कागद थोडा तिरका गेला तरी कड वाचते. या मापाला नाव 'विक्रीखत लीगल' असं ओळखू येणारं द्या. 'कस्टम १' कशाचं ते महिन्याभराने कुणालाच आठवत नाही.

लांबलचक बिलांसाठी काही फीडरांत 'लाँग पेपर' असतं. त्यात बऱ्याचदा डीपीआय (दर इंचातले ठिपके, म्हणजे स्कॅनची बारकाई) कमी ठेवावा लागतो. दोनशे चालतो.

पावसाळ्यात कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतात आणि फीडर दोन पानं एकदम ओढतो. गठ्ठा सुटा करून थोडेथोडे लावा. जीर्ण कागद फीडरमध्ये घालूच नका, काचेवरच ठेवा.

सर्व्हेच्या नकाशाची प्रिंट काढताना 'फिट टू पेज' काढून 'अ‍ॅक्चुअल साइज' ठेवा, नाहीतर प्रमाण बिघडतं.

तरीही अडलं, तर कागदाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि स्कॅनरच्या मॉडेलसह आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा.