शरीररचनाशास्त्रज्ञ

शरीररचनाशास्त्रज्ञ : सजीवांच्या शरीराची घडण, अवयवांची ठेवण व त्यांचे परस्परसंबंध यांचा तज्ज्ञ. ‘शारीरविद’ व ‘शारीरविज्ञ’ हे पर्याय. वैद्यकीय महाविद्यालयांत ‘अ‍ॅनाटॉमिस्ट’. ही जोडसंज्ञा आधुनिक आहे. तिच्यातील ‘शरीर’ हा घटक मात्र वैदिक असून मतभेद त्याच्याच व्युत्पत्तीविषयी आहेत.

‘शीर्यते इति शरीरम्’, म्हणजे झिजते ते शरीर, ही वैद्यकात व वेदान्तात रूढ असलेली व्युत्पत्ती ‘शॄ’ धातूवरून केलेली आहे. दुसरी ‘श्रि’ म्हणजे आश्रय घेणे या धातूवरून, मनुस्मृतीने (१.१७) तीच दिली आहे. जुना वापर पाहता दुसरी अधिक जुळते, असे म्हणता येईल. ऋग्वेदातील अंत्येष्टिसूक्तात (१०.१६.१) अग्नीला याची त्वचा विखरू नकोस, शरीरही विखरू नकोस, अशी प्रार्थना आहे. तेथे शरीर त्वचेहून वेगळे, बाकीच्यांना आधार देणारे आतले घन अंग दिसते. त्याच सूक्तात पुढे एकाच मृताविषयी ‘शरीरैः’ असे बहुवचन येते. बहुवचनी शरीर म्हणजे अस्थी, हा अर्थ पुढेही टिकला. पालीत बुद्धाच्या अवशेषांना ‘सरीर’ म्हणतात आणि उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील अस्थिकलशावरील लेखातील ‘सलिलनिधने’ हा शब्द बहुतेक अभ्यासक ‘शरीरनिधान’ असाच लावतात. नश्वरतेचा अर्थ नंतरच्या चिंतनातून आला असावा.

शरीर + अण् (संबंध दाखविणारा संस्कृत प्रत्यय) = शारीर, अर्थात शरीराविषयीचे. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत ‘शारीरस्थान’ नावाचा विभाग आहे. मात्र त्यात रचनेसोबत गर्भोत्पत्ती आणि आत्मविचारही येतात. आयुर्वेद महाविद्यालयांत ‘रचना शारीर’ व ‘क्रिया शारीर’ असे दोन वेगळे विषय आहेत. वेदान्तात अर्थ आणखी बदलतो. ब्रह्मसूत्रातील (१.२.३) ‘शारीर’ म्हणजे देहधारी जीव, आणि त्या सूत्रांवरील शंकराचार्यांच्या ‘शारीरकभाष्या’चा देहरचनेशी संबंध नाही.

रचना जाणणाऱ्याला संहितांत स्वतंत्र व्यवसायनाम दिसत नाही. हे ज्ञान शल्यवैद्याचे अंग मानले जाई. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील पाचव्या अध्यायात शव तपासण्याची रीत आहे. विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेल्या, शंभर वर्षांचे वय न झालेल्या माणसाचे प्रेत घ्यावे. आतड्यांतील मळ काढावा. मुंज, कुश, ताग अशांपैकी कशाने तरी गुंडाळून ते पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात, आडजागी कुजू द्यावे. सात रात्रींनंतर वाळा, केस, बांबू आदींच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत एकेक अंग डोळ्यांनी पाहावे. यात शस्त्राने छेद नाही. म्हणून हिला ‘विच्छेदन’ म्हणण्यापेक्षा ‘अवघर्षण’ म्हणणे अधिक नेमके ठरते. संहितेचा काळ अनिश्चित आहे. प्राच्यविद्यापंडित हर्न्ले यांनी १९०७ मध्ये सुचविलेला इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या आसपासचा काळ आज फारसा स्वीकारला जात नाही. आजचा पाठ इ. स. च्या पहिल्या काही शतकांत स्थिरावला असावा.

अस्थिसंख्येचा वाद याच अध्यायात नोंदला आहे. वेदवादी (वेदपरंपरा मानणारे) ३६० म्हणतात, शल्यतंत्रानुसार (शस्त्रक्रियेच्या शास्त्रानुसार) ३००. आधुनिक गणनेत प्रौढाची हाडे २०६. चरकाच्या ३६० मध्ये दात, दातांची उखळे व नखे धरलेली आहेत. सुश्रुताच्या गणनेत दात (‘रुचक’) व कूर्चा (‘तरुण’) येतात. तेव्हा हा फरक चुकीपेक्षा ‘अस्थी’ कशाला म्हणावे याच्या व्याख्येचा अधिक आहे.

ग्रीक ‘अनातोमे’ (अना – आरपार, वर; तेम्नेइन – कापणे) या शब्दात कृतीला महत्त्व आहे, तर मराठी संज्ञेत कापणे नाही, रचना आहे. मानवी विच्छेदनासाठी अलेक्झांड्रियातील हेरोफिलस व एरासिस्ट्राटस (इ. स. पूर्व तिसरे शतक), आणि प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनच्या चुका स्वतः पाहून दुरुस्त करणारा व्हेसेलियस (ग्रंथ १५४३) यांची नावे घेतली जातात. कलकत्ता मेडिकल कॉलेजातील मधुसूदन गुप्त यांनी केलेले मानवी शवाचे विच्छेदन १८३६ मधले. त्यासाठी १० जानेवारी व २८ ऑक्टोबर अशा दोन तारखा दिल्या जातात. अवयवांची नावे १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे भरलेल्या शरीररचनाशास्त्रज्ञांच्या परिषदेत एकत्र आणली गेली. सुमारे ५०,००० नावांतून सुमारे ५,००० ठेवली.

वापरात काही गोंधळ आढळतात. ‘शरीरशास्त्रज्ञ’ हा शब्द रचना आणि क्रिया दोन्हींच्या तज्ज्ञांना लावला जातो. क्रियेच्या तज्ज्ञास ‘शरीरक्रियाशास्त्रज्ञ’ म्हणणे योग्य. वर्तमानपत्री ‘शवविच्छेदन अहवाल’ शरीररचनाशास्त्रज्ञाचा नसतो. मृत्यूचे कारण शोधणारी ती शवपरीक्षा सहसा न्यायवैद्यकतज्ज्ञ करतो, तर शरीररचनाशास्त्रज्ञ जतन केलेल्या देहावर शिकवितो. साहित्यसमीक्षेत ‘शारीर’ म्हणजे देहसुखाशी संबंधित (‘शारीर ओढ’), त्यामुळे ‘शारीरविद’ हा नेटका शब्द सामान्य वाचकाला खटकतो आणि लांबलचक जोडसंज्ञाच चालते. वनस्पतिशास्त्रात अंतर्रचनेसाठी ‘शारीर’ रूढ आहे.